भाऊंनी खोललं आहे

लालबाग-परळच्या प्रत्येक चाळीत एक माणूस असा असतोच, की ज्याच्यापासून वस्तू लपवून न्याव्या लागतात. तो चोर नसतो. उलट चोर परवडला, चोर निदान वस्तू अख्खी नेतो. हा जागच्या जागी खोलतो. आमच्या चाळीत मिक्सर जरा कुरकुरला, की बायका तो जुन्या साडीत गुंडाळून मागच्या जिन्याने दुरुस्तीला नेतात. पुढच्या जिन्याच्या तोंडाशी भाऊंची खोली आहे, आणि साडीतला मिक्सर भाऊंना नेणारीच्या चालीवरून ओळखू येतो. "वहिनी, बुश गेला असेल. ठेवा इथे, जेवायच्या आत देतो." जेवण कुठल्या दिवशीचं, ते भाऊ सांगत नाहीत.

गॅरेजवाला आणि भाऊ यांत एक फरक आहे. गॅरेजवाला गाडी बिघडली म्हणून खोलतो. भाऊंना आत काय आहे ते बघायचं असतं. पण धडधाकट वस्तू कोणी खोलायला देत नाही, म्हणून बिचारे बिघाडाची वाट बघतात. एरवी माणूस सरळ. व्यसन नाही, उधारी नाही, गणपतीची वर्गणी पहिली. फक्त त्यांच्यासमोर "जरा आवाज येतोय हो" असं म्हणायचं नाही. घशाबद्दलसुद्धा म्हणायचं नाही.

भाऊ मूळचे गिरणीतले. रिंग खात्यात फिटरच्या हाताखाली बदली म्हणून लागले. रिंग फ्रेमच्या डोक्याशी दातेरी चाकांची एक उतरंड असते. त्यातलं एक चाक बदललं की सुताचा पीळ कमी-जास्त होतो, दुसरं बदललं की सूत जाड किंवा बारीक निघतं. हे ज्या दिवशी त्यांनी डोळ्यांनी पाहिलं, त्या दिवशी जगातलं एकंदर यंत्रशास्त्र त्यांना समजलं, असं त्यांचं प्रामाणिक मत आहे. "एक चाक लहान, एक मोठं. बाकी सगळं झाकण!" पुढे १८ जानेवारी १९८२ ला संप लागला, अडीच लाख कामगार बाहेर आले, आणि रीतसर मागे न घेतलेल्या त्या संपात भाऊंची गिरणी आणि पीळ दोन्ही सुटले. भाऊ टॅक्सीवर बसले. पद्मिनी. गिअरचा दांडा स्टिअरिंगला, इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना. हिचा क्लच बदलायचा तर गिअरबॉक्स खालून उतरवावा लागतो. भाऊ रस्त्यावर उताणे पडून तो छातीवर घेत आणि छातीवरूनच परत चढवत. काकी सांगतात, त्या वर्षांत भाऊंच्या एकूण एक बनियनवर मधोमध एकाच आकाराचा डाग असे.

२०२३ च्या ऑक्टोबरअखेर पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली तेव्हा वर्तमानपत्रांनी रकाने भरून उसासे टाकले. भाऊंना गाडीबद्दल फार वाटलं नाही. त्यांचं दुःख तांत्रिक होतं. "आता ज्या आल्यात ना, त्यांच्याखाली माणूसच शिरत नाही."

माणूस शिरण्याजोगी गाडी पुढच्या मे महिन्यात आपणहून दारात आली.

भाऊंचा पुतण्या कणकवलीहून आंब्याच्या पेट्या घेऊन पिकअपने आला. वाशीला माल उतरवून दहा-बारा पेट्या काकांकडे टाकायला लालबागेत शिरला. गाडी भारी, जपानी बनावटीची, आणि ऑटोमॅटिक. भाऊंनी आत डोकं घालून पाहिलं. क्लचचं पेडल नव्हतं. "मग डावा पाय कशाला? सोबतीला?" त्यांनी विचारलं. पुतण्या हसला. ते हसू पुरं व्हायच्या आत भाऊंची नजर लादीवर गेली होती. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्याखाली रुपयाएवढा लाल डाग पडला होता, आणि बघता बघता त्यात आणखी एक थेंब पडला.

भाऊंनी बोट बुडवलं. वास घेतला. अंगठ्यावर चोळून उजेडात धरलं. "लाल आहे, जळका वास नाही. म्हणजे आतल्या प्लेटी शाबूत. पुढचं सील गेलंय."

"काकानू, कंपनीवालो म्हणता, आख्खो गिअरबॉक्स बदलूक व्हयो."

"तेनी खोलल्यान?"

"नाय."

"मगे तेका कळला कसा?"

या प्रश्नाला पुतण्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही अजून सुचलेलं नाही. कंपनीच्या माणसाने सांगितलेल्या आकड्यात आंब्याचा निम्मा हंगाम गेला असता, आणि भाऊंच्या म्हणण्याप्रमाणे काम होतं एका रबरी कड्याचं, बांगडीएवढ्या. ती बांगडी मात्र अशा जागी घातलेली, की तिच्यापर्यंत पोचायला गाडीचं निम्मं पोट रिकामं करावं लागतं. पुतण्या "बगूया" म्हणाला. मालवणी माणूस बगूया म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ नाही असा असतो, हे भाऊंना ठाऊक असायला हरकत नव्हती. पण तोवर ते खोलीत पाने काढायला गेले होते.

आता हे काम "घरी" करायचं म्हणजे कुठे? दहा बाय बाराच्या खोलीत मोरी, माळा, देव्हारा, पलंग आणि पाच माणसं. अंगण दोन चाळींमधल्या बोळाचं, त्यातही निम्म्यात गणपती मंडळाचे बांबू. भाऊंनी बांबू सरकवून गाडी आत घेतली, पुढच्या चाकांना ठोकळे लावले, मागचा भाग घोड्यांवर चढवला. मग गिअरबॉक्स खाली घ्यायला चेनब्लॉक कुठे अडकवावा म्हणून वर पाहिलं. वर गॅलरी होती, आणि गॅलरीला म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाने लावलेले टेकू. भाऊंनी एक टेकू हाताने हलवून पाहिला. तीन मजल्यांवरून एकाच वेळी "ओ भाऊ!" असा आवाज आला. इतकी एकवाक्यता चाळीत पाण्याच्या वेळांवरूनसुद्धा झालेली मी पाहिलेली नाही. टेकू सोडून द्यावे लागले आणि नाक्यावरच्या गॅरेजमधून ट्रॉली-जॅक मागवावा लागला. जॅकबरोबर गॅरेजवाला मेस्त्रीही आला. स्टूल मागून घेतलं आणि बसला. तो पुढचे चारही दिवस बसला होता.

पण त्याआधी अभ्यास. त्या गाडीचा गिअरबॉक्स उतरवण्याचा एकच धड व्हिडिओ पुतण्याच्या मोबाइलवर सापडला, तो थाई भाषेत. या जातीचे पिकअप थायलंडात ढिगाने बनतात, तेव्हा शहाणे मेस्त्रीही तिकडेच असणार. भाऊंनी तो रात्री तीनदा पाहिला. मधूनमधून "बरोबर बोलला" असंही म्हणाले. सकाळी गॅलरीत पोरांसमोर त्यांचं व्याख्यान झालं. टेबलफॅन दोन आणले, समोरासमोर ठेवले, एकच चालू केला. त्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पाती हळूहळू फिरायला लागली. "हे इंजिन, हा गिअरबॉक्स. मध्ये दांडा नाही, साखळी नाही. गाडीत वाऱ्याच्या जागी तेल असतं आणि दोन्ही पंखे एका बंद डब्यात असतात, एवढंच. त्या डब्याला म्हणायचं टॉर्क कन्व्हर्टर. हा फिरत असतो म्हणून क्लच लागत नाही." काकी घाम पुसत म्हणाल्या, दोन्ही पंखे इथे, मग आम्ही काय करायचं? व्याख्यान आवरतं घ्यावं लागलं.

(ही करामत मुळात गाडीसाठी नव्हतीच. हेरमान फॉटिंगर नावाच्या जर्मन इंजिनिअरने १९०५ मध्ये तिचं पेटंट घेतलं ते जहाजांसाठी. वाफेच्या टर्बाइनचा सुसाट वेग पंख्याला झेपेल इतका खाली आणायचा होता. माणसाच्या डाव्या पायाला विश्रांती मिळाली ती पुढे, अमेरिकेत. तिथे ओल्ड्समोबिलच्या १९४० च्या गाड्यांत पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसला, आणि लगोलग महायुद्धात रणगाड्यांतही गेला. हे मी भाऊंना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे गोदीतली वस्तू आहे. मग तर जमलंच.")

कन्व्हर्टरच्या मागे खऱ्या चाकांचा कारभार. मध्ये एक सूर्य, भोवती फिरणारे ग्रह, आणि सगळ्यांना वेढून एक दातेरी कडं. त्यातलं कोणाला धरायचं आणि कोणाला सोडायचं यावर गिअर ठरतो. धरण्या-सोडण्याचं काम तेलाच्या दाबावर चालणाऱ्या प्लेटी करतात आणि हुकूम संगणक देतो. ग्रह म्हटल्यावर पहिल्या मजल्यावरच्या गुरुजींनी सहज विचारलं, "किती आहेत?" भाऊ गंभीरपणे म्हणाले, "तिकडे आपण हात नाही घालायचा. तिकडे सगळं ठीक चाललंय." भाऊंच्या तोंडून "हात नाही घालायचा" हे शब्द आल्याची चाळीच्या इतिहासात ही एकमेव नोंद.

उतरवायला सुरुवात झाली तेव्हा मला बॅटरी धरायला दिली. ज्यांनी कोणासाठी बॅटरी धरली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. उजेड आपल्याला दिसतो तिथे पडायचा नसतो, त्यांना दिसतो तिथे पडायचा असतो, आणि त्यांचं डोकं मध्ये असतं. भाऊंनी गाडीच्या बॅटरीची निगेटिव्ह तार काढली, लाल तेल श्रीखंडाच्या डब्यांत मोजून काढलं (जेवढं निघेल तेवढं तरी परत जायला हवं), प्रोपेलर शाफ्ट सोडवायच्या आधी दोन्ही फ्लँजवर सुनेच्या नेलपॉलिशने खूण केली. हे शेवटचं मला फार आवडलं. शाफ्ट होता तसाच परत बसला नाही तर गाडी थरथरते, आणि खडूची खूण तेलाच्या हातांनी पुसते. नेलपॉलिश पुसायला वेगळं औषध लागतं, ते भाऊंच्या हाताला लागेल असं घरात कोणी ठेवत नाही.

निघालेले बोल्ट कुठे ठेवायचे? सामान्य माणूस ताटलीत ठेवतो आणि नंतर ताटलीकडे बघत बसतो. भाऊंची पद्धत नामी. थर्माकोलवर बंदी आल्यापासून त्यांच्या मखराचा जुना पत्रा माळ्यावर पडून होता. त्यावर त्यांनी गेल्या वर्षीच्या कालनिर्णयचं एक पान टाचलं आणि निघेल तो बोल्ट एकेका तारखेत खोचला. बेल-हाऊसिंगचा घेर त्या पानावर तसाच उमटला. "हा संकष्टीचा, लांब आहे. हा एकादशीचा. अमावास्येचा आखूड, तो वेगळा." तासाभरात आम्ही सगळेच तिथींत बोलायला लागलो. सर्वांत वरचा, अक्षय्यतृतीयेचा बोल्ट मात्र कोणालाच पोचेना. गाडीचा पत्रा आणि गिअरबॉक्स यांच्या फटीत मोठ्या माणसाचा हात कोपरापर्यंत जाऊन अडकत होता. दुसऱ्या मजल्यावरच्या बारक्याला शिकवणीवरून उठवून आणलं. त्याचा हात सळकन आत गेला, बोटांनी पाना नटावर बसवला, आणि भाऊंनी लांब दांडी लावून खालून हिसका दिला. "निघाला!" असं बारक्या जे ओरडला, ते त्याच्या आईला अजून विसरता आलेलं नाही. पोरगं त्या दिवसापासून शिकवणीला गेलेलं नाही.

मग कन्व्हर्टरचे सहा बोल्ट. हे एका खिडकीतून काढावे लागतात, आणि खिडकी अशी की एका वेळी एकच बोल्ट दिसतो. एकाने पुढून इंजिनच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने फिरवायचं, दुसऱ्याने खिडकीशी डोळा लावून बोल्ट समोर आला की थांबवायचं. भाऊ स्वतः पाना घेऊन खाली पडलेले. दोन माणसं हवी होती. हजर होते ते नेमके एकोणीस आणि वीस नंबरचे. मोरीच्या नळावरून या दोन घरांत अबोला पडला त्याला चांगली आठ-नऊ वर्षं झालेली. भाऊंनी काही न विचारता एकाला पुढे उभं केलं, एकाला खाली आडवं केलं. पहिल्या बोल्टला नुसतं "हं" झालं. दुसऱ्याला "थांब". चौथ्याला "जरा मागे घे की!" आणि पाचव्याला पुढून आवाज आला, "आधी सांगायला काय होतं?" भांडण रीतसर सुरू झालं, म्हणजे अबोला सुटला. सहावा बोल्ट निघेपर्यंत विषय नळापर्यंत पोचला होता.

गिअरबॉक्स संध्याकाळी खाली आला. ऐंशीएक किलोचा ऐवज, कन्व्हर्टर धरून. रात्री बोळात ठेवायची सोय नाही. लालबागेत भंगारवाल्याची नजर भाऊंपेक्षाही तीक्ष्ण. तेव्हा तो खोलीत न्यायचा ठरला. धूळ जाऊ नये म्हणून भाऊंनी त्यावर पांढरी चादर गुंडाळली, मंडळाच्या दोन बांबूंना बांधला, आणि चौघांनी खांदा दिला. समोरच्या चाळीतले एक आजोबा वॉकर टेकत येत होते. ते बाजूला झाले, टोपी काढली, हात जोडले आणि मला हळूच विचारलं, "कोण हो?" मी म्हटलं, "पिकअपचा गिअरबॉक्स." त्यांना कमी ऐकू येतं. "चांगला माणूस होता," असं म्हणून ते पुढे गेले.

पलंगाखाली आंब्यांची आढी होती. आढी बाहेर आली, गिअरबॉक्स आत गेला. कन्व्हर्टर एका रिकाम्या पेटीत पेंढ्यावर बसला. भाऊंनी जुनं सील काढायला घेतलं तेव्हा काकींनी आवाज चढवला, "आंब्यांक रॉकेलाचो वास मारता! हे आता कोण खातलो?" भाऊंनी मान वर न करता सांगितलं, "चार दिस कळ काढ." काकींनी आजवर काढलेल्या कळांचा हिशोब केला तर मला वाटतं चाळीत त्यांच्याइतकी सोशिक बाई नाही. त्यांचा एकच सूड ठरलेला: भाऊंनी काही खोललं, की त्या दिवशी जेवायला खिमट.

दुसऱ्या दिवशी आम्ही नागदेवीला गेलो. सील, बेअरिंग, नटबोल्ट, पाने यांची पंढरी ती. तिथे गाडीचं नाव सांगितलं तर दुकानदार तुम्हाला नवशिका समजतो. भाऊंनी जुनं सील काउंटरवर ठेवलं. दुकानदाराने व्हर्निअर लावला: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. तीन आकडे म्हटले की सील कोणाचंही असो, कुळ कळतं. काळं दाखवलं, भाऊंनी बाजूला सारलं. तपकिरी दाखवलं, नखाने दाबलं, ओठाची कड बघितली. ऑटोमॅटिकचं तेल तापतं, काळं रबर त्यात लवकर कडक होतं. दोन घेतली. "एक लावायला," भाऊ म्हणाले. दुसरं कशाला, हे मी विचारलं नाही; त्यांच्या माळ्यावर पद्मिनीची तीन सीलं अजून आहेत.

खरी परीक्षा चढवताना. उतरवणं हे कोणीही करतो, असं गॅरेजवाला मेस्त्री स्टुलावरून म्हणाला, आणि भाऊंनी प्रथमच त्याच्याशी मतभेद दाखवला नाही. कन्व्हर्टर गिअरबॉक्सच्या तोंडात बसवताना तो आतल्या पंपाच्या खाचांत उतरावा लागतो. बसला असं वाटतं तेव्हा तो बसलेला नसतो. हाताने फिरवत, किंचित दाबत राहायचं. मग "खट्" होतं आणि थोडा आत जातो. परत फिरवायचं, परत खट्. शेवटचा खट् व्हायच्या आधी वर चढवून बोल्ट आवळले, तर पंप आतल्या आत चुरडतो आणि मग खरोखरच आख्खा गिअरबॉक्स बदलावा लागतो. कंपनीवाला जिंकला असता. भाऊंनी कन्व्हर्टरात लिटरभर तेल ओतलं, सीलच्या ओठाला तेल लावलं, आणि खोलीतला पंखा, रेडिओ, बोलणं बंद करायला लावलं. गॅलरीत दहा-पंधरा माणसं श्वास धरून उभी. खट्. "एक." बऱ्याच वेळाने खट्. "आयकलंस? दोन झाले. अजून एक आसा." तिसरा होईना. भाऊ डोळे मिटून तो डबा फिरवत राहिले, अर्धा तास तरी. मेस्त्री म्हणाला, दोनच असतील. भाऊंनी बारक्याच्या कंपासपेटीतली पट्टी मागितली, बेल-हाऊसिंगच्या काठापासून कन्व्हर्टर किती खोल गेला ते मोजलं आणि मान हलवली. आणखी थोडं फिरवणं झालं, आणि खट्. तो एवढा हलका होता की मला ऐकूच आला नाही. पण पट्टीवर बोटाच्या पेराएवढा फरक दिसत होता. गुरुजींनी नकळत टाळी वाजवली.

वर चढवायला मंडळाची पोरं आली. या मुलांना काही शिकवावं लागत नाही. अठरा फुटी मूर्ती कार्यशाळेतून काढून, तारा चुकवत, पुलाखालून, गल्लीच्या कोनातून इंचाइंचाने नेणारी ही जमात. कोणाचा खांदा कुठे, कोणी फक्त पायाखाली बघायचं, कोणी एकट्यानेच बोलायचं, हे त्यांच्या रक्तात आहे. जॅकवर फळी, फळीवर गिअरबॉक्स, दोन्ही बाजूंना दोघे दोघे. "मागून जरा… आता डावी… थांब… पुढे सोड…" सवयीने एकाने "गणपती बाप्पा" म्हटलं आणि बाकीच्यांनी "मोरया" म्हणत जोर लावला. भाऊ खालून किंचाळले, "जोर नको! जोर लागला म्हणजे चुकलं!" मूर्तीला आणि गिअरबॉक्सला लागू पडणारं एवढं समान सूत्र पोरांना लगेच पटलं. पुढची दहा मिनिटं ती कुजबुजत मोरया म्हणत होती. गिअरबॉक्स इंजिनला हाताच्या ढकलीने, बोल्टच्या मदतीशिवाय, कडेला कड लावून बसला.

मग बोल्ट, तिथीनुसार. अक्षय्यतृतीया बारक्याने लावली. संकष्टी, एकादशी व्यवस्थित. अमावास्येचा बोल्ट मात्र शेवटपर्यंत आवळूनही दोन आटे बाहेर राहिला. भाऊंनी काढला, उजेडात धरला. हा लांब होता. आखूड बोल्ट जायला हवा तिथे लांब आला, म्हणजे दुसरीकडे लांबाच्या जागी आखूड गेला असणार. भाऊंच्या पद्धतीत चूक अशक्य. मग तिथी हलली कशी? चौकशीअंती उलगडा झाला. काकींना गेल्या वर्षी सिलिंडर कधी लावला ते बघायचं होतं, आणि ती नोंद नेमकी अमावास्येच्या चौकोनात होती. त्यांनी बोल्ट काढून तारीख वाचली आणि बोल्ट प्रतिपदेला खोचला. प्रतिपदेचा मग जागा उरली तिथे. "एक दिस मागे-पुढे झाला तर काय बिघाडता?" त्या म्हणाल्या. पंचांगाच्या दृष्टीने त्यांचं म्हणणं वाद घालण्याजोगं होतं, गुरुजींनी तो घातलाही. भाऊंनी मुकाट्याने दोन्ही बोल्ट बदलले.

तेल भरण्याचा प्रकार तर दवाखान्याचा. या खोक्याला डिपस्टिक नाही. इंजिन चालू ठेवून तेल चाळीस अंशांच्या आसपास आलं की चेंबरचं एक बूच काढायचं. जास्तीचं तेल वाहून जातं, धार बारीक होऊन थेंब थेंब झाली की बूच बंद. थाई मेस्त्रीकडे त्यासाठी यंत्र होतं. भाऊंनी नातवाचा ताप मोजायचा थर्मामीटर मागवला, चेंबरच्या बुडाला टेकवून वर फडकं बांधलं आणि म्हणाले, "एकशेचार ताप म्हणजे चाळीसच की!" ते बरोबर आहे, मी हिशोब करून पाहिला. गाडी सुरू झाली. शंभर. एकशेदोन. गॅलरीतून कोणीतरी "औषध द्या" म्हणालं. एकशेचारला बूच निघालं, लाल धार आली, बारीक झाली, थांबली. सुनेने नवा थर्मामीटर आणला. जुना आता पान्यांच्या पिशवीत असतो.

पुतण्याने गाडी रिव्हर्समध्ये टाकली. ती काही न बोलता बोळातून मागे गेली. लादीवर पुठ्ठा पसरून ठेवला होता, रात्रभर त्यावर एक थेंब पडला नाही. दुसऱ्या दिवशी पुतण्या गावाला पोचला आणि त्याचा फोन आला. भाऊंनी स्पीकर लावला.

"काकानू, फसकलास!"

"आवाज?"

"नाय."

"घाटात चढताना धक्को?"

"काय्येक नाय."

"थोडो तरी?"

पलीकडून हसण्याचा आवाज आला. भाऊंनी फोन ठेवला आणि दिवसभर कोणाशी बोलले नाहीत.

आता आमची चाळ पाडायची चालली आहे. गेल्या रविवारी बिल्डरचा तरुण माणूस सादरीकरणाला आला होता. मॉड्युलर किचन, देवघराची जागा, आणि गाड्यांसाठी यांत्रिक पार्किंग: गाडी पाळण्यात ठेवायची, बटण दाबायचं, ती वर जाऊन बसते. खालच्या अंगणात वाहनदुरुस्तीला मनाई, हेही त्याने वाचून दाखवलं. प्रश्न विचारा म्हणाला. चौरस फूट, भाडं, कॉर्पस, सगळे ठरलेले प्रश्न झाले. मग भाऊ उठले.

"त्या पाळण्याच्या मोटरला गिअरबॉक्स असेल ना?"

"असेल ना, काका."

"नकाशात कुठे आहे?"

"ते देखभालवाली कंपनी बघेल. तुम्हाला हातसुद्धा लावावा लागणार नाही."

संमतिपत्रं वाटली होती, ती भाऊंनी शांतपणे घडी करून खिशात ठेवली. गिअरबॉक्सची जागा दाखवा, मग सही. त्यांच्यापाठोपाठ एकोणीस आणि वीस नंबरनेही आपापली पत्रं खिशात घातली. मंडळाच्या पोरांनी आपल्या वडिलांच्या हातातली काढून घेतली. निम्म्याहून जास्त संमत्या लागतात, त्या काही पुऱ्या होईनात. तो तरुण घाम पुसत आर्किटेक्टला फोन लावत होता, तेवढ्यात बारक्या पुढे जाऊन त्याच्या नकाशावर ओणवा झाला आणि म्हणाला, "पण वरच्या बोल्टपर्यंत कोणाचा हात पोचणार?"